बंदी घातलेल्या कलेवरचा माहितीपट जुन्या चित्रगृहात दाखवण्यापूर्वी

जुन्या, वारसा दर्जाच्या चित्रगृहात बंदी घातलेल्या कलेवरचा माहितीपट दाखवायचा असेल, तर तयारीचा आरंभ निमंत्रितांच्या यादीपासून किंवा भित्तिपत्रकापासून करू नये. तो किल्लीपासून करावा. चित्रगृहासाठीची प्रत, म्हणजे डीसीपी, बहुधा कुलूपबंद येते आणि ती उघडणारी केडीएम नावाची छोटीशी फाइल स्वतंत्रपणे, बहुतेक वेळा ईमेलने येते. ही किल्ली एकाच सर्व्हरसाठी (प्रक्षेपण कक्षातल्या, चित्रपट साठवून चालवणाऱ्या संगणकासाठी), चित्रपटाच्या एकाच आवृत्तीसाठी आणि ठरावीक तारीखवेळेच्या मर्यादेतच चालते. या तिन्हींपैकी एक जरी चुकले, तरी हार्ड डिस्क हातात असूनही पडदा कोरा राहतो. मागच्या खेळाला मी नेमकी हीच बाब गृहीत धरली होती, त्यामुळे या यादीत ती पुन्हा पुन्हा येईल. वाचणाऱ्याने ते खपवून घ्यावे.

जुन्या चित्रगृहांत यंत्रसामग्री तुकड्यातुकड्याने बदललेली असते आणि वितरकाच्या नोंदीत अनेकदा आधीच्याच सर्व्हरचा क्रमांक राहिलेला असतो. म्हणून व्यवस्थापकाच्या तोंडी माहितीवर विसंबू नये. प्रक्षेपण कक्षात जाऊन सर्व्हरवरचा अनुक्रमांक स्वतः वाचावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि तेच वितरकाला पाठवावे. उपशीर्षके हवी असल्यास ते त्याच पत्रात स्पष्ट लिहावे. उपशीर्षकांची आवृत्ती अनेकदा मूळ आवृत्तीला जोडलेली पूरक प्रत असते, तिच्यासाठी मूळ प्रतही सर्व्हरवर चढवावी लागते, पण किल्ली मात्र उपशीर्षकांच्या आवृत्तीचीच लागते. वेळेची मर्यादा वाचताना ती स्थानिक वेळेत दिली आहे की ग्रीनिच वेळेत, हे तपासावे. सर्व्हरचे घड्याळ मागे फिरवून काम भागेल अशा भ्रमात कोणी राहू नये, कारण ते घड्याळ वर्षभरात फार तर सहा मिनिटांनी पुढेमागे करता येते. किल्लीची मुदत आदल्या दिवशीच्या चाचणीपासून खेळ संपल्यानंतरच्या काही तासांपर्यंत मागून घ्यावी. ती फाइल उघडून, त्यात काही बदलून पुन्हा साठवू नये; तसे केल्यास तिच्यावरची डिजिटल स्वाक्षरी निरुपयोगी ठरते.

जाहीर खेळाचा परवाना लेखी घ्यावा. घरबसल्या चित्रपट पाहण्यासाठी भरलेल्या वर्गणीत सभागृहात दाखवण्याचा हक्क येत नाही. जिथे सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते तिथे तेही वेळेत मिळवावे. भित्तिपत्रकावर एखादे चित्र छापायचे असेल, तर त्याची वेगळी परवानगी लागू शकते. कलाकृतीवर कधी काळी बंदी होती म्हणून तिच्यावरचा स्वामित्वहक्क संपत नाही, आणि ही गल्लत आश्चर्य वाटावे इतकी सर्रास होते.

माहितीपट चित्रकलेवरचा असल्यामुळे पडद्यावरचा प्रकाश आणि रंग यांकडे नेहमीपेक्षा अधिक लक्ष द्यावे. प्रक्षेपण यंत्रातला झेनॉनचा दिवा जुना झाला की प्रकाश उतरतो, आणि कथापटात खपून जाणारा तो मंदपणा गडद रंगांच्या कॅनव्हासवर लगेच उघडा पडतो: काळ्या आणि तपकिरी छटा एकमेकींत मिसळून जातात. डीसीपीसाठी पडद्याची प्रमाण प्रकाशमानता 48 निट्स (निट हे प्रकाशमानतेचे एकक) मानली जाते. मोजण्याचे साधन मिळत नसेल, तर निदान सर्वांत गडद चित्राचा प्रसंग लावून तो पहिल्या रांगेतून, मधून आणि बाल्कनीतून पाहावा. मंचाच्या कमानीत बसवलेला पडदा जुन्या, चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीसाठी घडवलेला असेल, तर रुंद प्रतिमेची उंची घटते आणि उपशीर्षके बारीक होतात. खालची ओळ पुढच्या डोक्यांआड किंवा मंचावरच्या वक्त्याच्या मेजाआड जाते का, हे खुर्चीत बसूनच कळते. मेज आधी हलवावे. ही चाचणी संपूर्ण चित्रपटाने आणि खऱ्या किल्लीनेच करावी. किल्ली अजून आलेली नसेल, तर चाचणी झाली असे म्हणू नये. रिकाम्या सभागृहात आवाज घुमतो आणि माणसे बसली की बसतो, एवढे ध्यानात ठेवून तो थोडा जोरकस ठेवावा.

वास्तूचे नियम आधीच विचारून घ्यावेत. जुन्या गिलाव्यावर खिळा किंवा चिकटपट्टी चालत नाही, आसनसंख्या जुन्या फलकावरची नव्हे, तर सध्याच्या अग्निसुरक्षा परवान्यातली धरावी लागते, आणि चाकाच्या खुर्चीतील प्रेक्षकाला पायऱ्या न चढता कुठून आत येता येईल, हे चित्रगृहाच्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन पाहावे.

प्रास्ताविक करणाऱ्याचा मजकूर तारखांसकट तपासावा, कारण ‘बंदी’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळे प्रकार एकत्र कोंबले जातात. 1937 साली म्युनिकमध्ये नाझींनी ‘अधःपतित कला’ ठरवलेल्या सुमारे 650 कलाकृती लपवल्या नव्हत्या. त्या हेटाळणीसाठी जाहीरपणे मांडल्या होत्या आणि ते प्रदर्शन वीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. मॉस्कोत 15 सप्टेंबर 1974 रोजी अनधिकृत चित्रकारांचे खुल्या मैदानातले प्रदर्शन बुलडोझर आणून उधळण्यात आले. याउलट सोव्हिएत सत्तेने नाकारलेल्या रशियन आणि मध्य आशियाई चित्रकारांची कामे इगोर साविट्स्की या संग्राहकाने गोळा केली आणि त्यांचा संग्रह मॉस्कोपासून दूर, उझबेकिस्तानच्या काराकल्पाकस्तान भागातील नुकुस शहराच्या 1966 साली उघडलेल्या संग्रहालयात टिकून राहिला. हे तिन्ही प्रसंग एकाच वाक्यात गुंफणाऱ्या वक्त्याला आधीच थांबवावे. प्रास्ताविकाला दहा मिनिटे पुष्कळ होतात. विषयावरून वाद किंवा निदर्शने होण्याची शक्यता वाटत असेल, तर प्रवेशद्वारावर कोण उभे राहील आणि निर्णय कोण घेईल, हे ठरवून ठेवावे.

आदल्या दिवशी चित्रपट सर्व्हरवर चढवून घ्यावा. प्रत शंभराहून अधिक गीगाबाइटची असू शकते आणि त्यात काही तास जातात. चढवल्यावर किल्लीही चढवावी आणि सर्व्हरच्या पटलावर ती स्वीकारली गेल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. प्रक्षेपकाने ‘होईल’ म्हटले, एवढ्यावर खाली उतरू नये. तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर खिशात असावी आणि सुटीच्या दिवशीही उचलला जाईल असा वितरकाचा क्रमांक जवळ असावा.

खेळाच्या दिवशी माइक, त्याच्या बॅटऱ्या, राखीव खुर्च्या, पाणी. दारे अर्धा तास आधी उघडावीत. त्यापूर्वी एकदा वर जाऊन किल्ली अजून चालू आहे ना, हे पाहावे.

खेळ संपल्यावर डिस्क परत, प्रेक्षकसंख्येचा अहवाल वितरकाला, हिशेब. दुसरा खेळ ठरल्यास किल्ली नव्याने मागवावी.