निवटी बघायची तर तिथी बघून निघा

निवटी म्हणजे गाळावर चालणारा खाडीतला मासा. टोपलीत पडलेली निवटी बघून तिची ओळख होत नाही. ती गाळावर चालताना बघावी. मी शिवडी कोळीवाड्यातली. हे बघणं मला आज्याने शिकवलं.

आधी वेळ काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास आणि सुकती, म्हणजे ओहोटी, बाराला, ऐन उन्हात. मला चतुर्थी आवडते. भरती दुपारी तीनला, सुकती सकाळी नवाला. साडेसातला पोचलात की पाणी हटताना गाळ उघडा पडत जातो.

हार्बर लाइनला शिवडीला उतरा, पूर्वेकडून बंदरावर चालत या. लोक लांबच्या रोहितांकडे, म्हणजे फ्लेमिंगोंकडे, दुर्बिणी लावतात. तुम्ही धक्क्याच्या अगदी खालचा गाळ बघा. खाली मात्र उतरू नका, पाय रुतला की निघत नाही.

आता बसा, आणि सावली गाळावर पडणार नाही अशा बाजूला बसा. तुम्ही आलात तेव्हाच सगळ्या बिळात गेलेल्या असतात. दहा-पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, फोनही काढायचा नाही. आधी बिळाच्या तोंडाशी दोन डोळे दिसतील. ते डोक्यावर बसवल्यासारखे असतात आणि मध्येच आत ओढले जातात. कोरडे पडू नयेत म्हणून ती ते ओले करून घेते. मग अख्खी निवटी पुढच्या परांवर रेटत बाहेर येते. कल्ल्यांत पाणी धरलेलं असतं, शिवाय ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून ती हवेतला प्राणवायू घेते. म्हणून मध्येच कुशीवर लोळते. लोळताना दिसली तर जखमी समजू नका, अंग ओलं करतेय.

डोकं डावी-उजवीकडे फिरवत जाणारी असेल तर ती गाळावरचं बारीक शेवाळ खरवडतेय. पाठीवरचा पर उभारून उडी मारणारा बहुधा नर. मादीला बोलावतो किंवा शेजाऱ्याला हद्द दाखवतो. दोघे तोंडं वासून समोरासमोर आले तर श्वास रोखून बघा, आज्या याला भांडण म्हणायचा.

एखादी तोंड फुगवून पुन्हापुन्हा एकाच बिळात शिरताना दिसली तर तिथून हलू नका. काही जातींतला नर असे हवेचे घोट आत नेतो. बिळातल्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असतो, आणि अंडी आतल्या कोठीच्या छताला चिकटलेली असतात.