वृद्धाश्रमात डिप्रेशनचं स्क्रीनिंग, नवीन सिस्टर लोकांसाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून नागपुरातल्या वृद्धाश्रमांत लागलेल्या मुलींना मी स्क्रीनिंग शिकवते. दर बॅचला तेच दिसतं, फॉर्म भरणं सगळ्यांना जमतं, पण स्कोअर जास्त आल्यावर काय करायचं ते कुणी सांगितलेलंच नसतं.

फॉर्म म्हणजे जीडीएस, जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल, 15 प्रश्नांचा छोटा घ्या. सगळी उत्तरं हो-नाहीत. झोप-भूक त्यात मुद्दाम विचारत नाहीत, कारण म्हातारपणी ती तशीही कमी होते न. स्कोअर 5 च्या वर गेला की पुढची तपासणी. गोची अशी की 10 प्रश्नांना "हो" म्हटलं की मार्क पडतो आणि 5 प्रश्नांना "नाही" म्हटलं की (आयुष्यात समाधानी आहात का, वगैरे). घाईत मुली सगळे "हो" मोजतात नि चांगल्या हसत्याखेळत्या आजीचाही स्कोअर वाढतो.

एक प्रश्न आहे, बाहेर जाऊन नवीन काही करण्यापेक्षा घरीच राहणं आवडतं का. मे महिन्यात विचारून बघा, अख्खा आश्रम हो म्हणतो, 45 डिग्रीत कोण बाहेर जाईल बाप्पा! तरी प्रश्न बदलायचा नाही, एक मार्क वाढला तर वाढू द्या, बाजूला नोंद करा.

औषधांच्या राऊंडमध्ये, बाजूच्या कॉटवर दुसरे आजोबा कान देऊन बसलेले असताना विचारलं तर "मस्त आहे" हेच उत्तर येणार. वेगळं बसवा, कानाचं मशीन लावलंय का बघा, मग सावकाश विचारा. बरेच जण म्हणतात, "काही नाही न सिस्टर, वय झालं आता", आणि खरी अडचण ही की सिस्टरलाही ते पटतं. डिप्रेशन हा वयाचा भाग नाही, सत्तरी-ऐंशीतही उपचार होतात, माझा ट्रेनिंगचा अर्धा वेळ एवढं पटवण्यातच जातो.

डिमेन्शिया (विसरण्याचा आजार) जास्त असेल तर जीडीएसवर भरवसा नको. त्याला कॉर्नेल स्केल आहे, 19 मुद्द्यांचा, त्यात पेशंटसोबत सांभाळणाऱ्यालाही विचारतात. आंघोळ घालणाऱ्या मावशीला जे माहीत असतं ते फाईलमध्ये कधीच नसतं.

स्कोअर म्हणजे निदान नाही. डॉक्टरला कळवताना चालू गोळ्यांची यादी द्या, थायरॉईड, बी-12 तपासायचं का तेही विचारा. "जगून काय करू" असं कुणी म्हटलं तर स्कोअर काहीही असो, त्यांना एकटं न सोडता तिथल्या तिथे कळवा, ड्युटी बदलतानाच्या हँडओव्हरची वाट बघू नका. छोट्या जीडीएसमध्ये आत्महत्येचा थेट प्रश्नच नाही, तो पीएचक्यू-9 या डिप्रेशनच्याच दुसऱ्या, 9 प्रश्नांच्या फॉर्ममध्ये नववा आहे. सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात विचार शिरतो हा गैरसमज. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 ड्युटी रूममध्ये लावून ठेवा, रात्रीही चालतो.

आणि जॉइन होतानाच विचारून घ्या की डॉक्टर कधी येतात, रात्री फोन कुणाला करायचा, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा एम्सच्या ओपीडीत न्यायचं तर गाडी कोण देतं. याची उत्तरं मिळाली नाहीत तर पगार बरा असला तरी मी दुसरी जागा बघायला सांगेन.