स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका गाळ्यात मी इंकजेट प्रिंटरची दुरुस्ती शिकायला लागलो, तेव्हा पहिले पंधरा दिवस मला शिकवणाऱ्या दादांनी मला स्क्रू ड्रायव्हर दिलाच नाही. आलेल्या प्रत्येक मशीनची नोझल चेक प्रिंट, म्हणजे शाईची भोकं तपासायच्या रेषांचा कागद, काढायची, कोपऱ्यात तारीख टाकायची आणि फाइलला लावायची, एवढंच काम. तेव्हा चिडचिड व्हायची. आता माझ्याकडे कोणी शिकायला आलं की मीही त्याला आधी हेच करायला लावतो.

एपसनच्या एल ३११० प्रिंटरच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागात, काळ्याची १८० आणि तिन्ही रंगांची प्रत्येकी ५९ भोकं असतात. त्यातली कुठली बंद आहेत ते त्या कागदावरच्या तुटक रेषा सांगतात. एक प्रिंट काढा, मशीनच्या मेनूतून एकदा हेड क्लीनिंग करा, दुसरी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. तुटलेली जागा सरकली, तर बहुतेक वेळा शाई नीट पोचत नसते. नळीत हवा असते, टाकीतली शाई खाली गेलेली असते किंवा कॅपिंगचं, म्हणजे मशीन थांबल्यावर हेड झाकणाऱ्या भागाचं, रबर हेडला घट्ट बसत नसतं. जागा तीच राहिली, तर शाई वाळून भोक बुजलंय नाहीतर हेड गेलंय. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच हेडमध्ये शाई तापवून बुडबुड्याने ढकलतात. तिथला तापणारा बिंदू जळला असेल तर कितीही धुवा, ती रेघ परत येत नाही. एपसनमध्ये स्फटिक विजेवर वाकतो आणि थेंब सोडतो.

दोन-तीन क्लीनिंगनंतर थांबा. दर वेळी शाई वेस्ट पॅडमध्येच, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या पॅडमध्येच जाते. हवेचा संशय असेल तर मशीन रात्रभर बंद ठेवा. सकाळी पुष्कळदा रेघा आपोआप भरलेल्या दिसतात.

माझ्या हातून एक मशीन मेलंय. झेरॉक्सवाल्याचं होतं, जूनमधल्या शाळा-कॉलेज प्रवेशांच्या गर्दीतलं. हेड बुजलं होतं. मी सिरिंजने पाणी सोडलं, ते हेडला जोडलेल्या पट्टीसारख्या चपट्या केबलच्या टोकाला उतरलं आणि मी तसंच चालू केलं. हेडबरोबर मेनबोर्डही गेला. दादा ओरडले नाहीत. "केबल काढलीस का?" एवढंच विचारलं. नवं मशीन आम्ही भरून दिलं. तेव्हापासून सिरिंज दाबत नाही. कॅपिंगच्या स्पंजवर डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकून हेड रात्रभर त्यावर ठेवतो.

पावसाळ्यात तक्रारी बदलतात. कागद दमट होतो, दोन-तीन पानं एकदम ओढली जातात आणि गिऱ्हाईक म्हणतं रोलर खराब आहे. आधी बंद रीममधला कोरडा कागद घालून बघा, मग ओल्या कपड्याने रोलर पुसा. हेड इकडून तिकडे नेणारं कॅरेज एका बाजूला आपटत असेल तर मागच्या पारदर्शक पट्टीवर शाई किंवा ग्रीस लागलंय का ते पाहा. ती पट्टी हलक्या हाताने पुसा. तिच्यावरच्या बारीक रेघा गेल्या तर मशीनला आपली जागा कळणार नाही.

वेस्ट पॅड भरल्याचा एरर आला की बाजारात नुसता रिसेट मारून देणारे खूप आहेत. मशीनमधली वाया शाईची मोजणी शून्य होते, पण पॅड ओलाच राहतो आणि एक दिवस शाई टेबलावर उतरते. पॅड बदला, मगच रिसेट करा, आणि काढलेला काळा पॅड गिऱ्हाइकाला दाखवा. हेडची किंमत नव्या प्रिंटरच्या आसपास जात असेल तर तेही त्याला मशीन उघडण्याआधीच सांगा.