नव्या शहरात भाड्याचं घर शोधताय? या चुका टाळा

घर शोधणारा माणूस दोन-तीन आठवड्यांत थकतो आणि मग समोर येईल त्या घराला हो म्हणून मोकळा होतो. बहुतेक चुका या थकव्यातच होतात. म्हणून शक्य असेल तर आधी 15 दिवस ते महिनाभर तात्पुरत्या जागेत राहा, सामान कमी न्या आणि तिथून शोधा. फोटो बघून लांबूनच वर्षभराचा करार करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

नकाशावर अंतर मोजणं

किलोमीटर बघू नका, मिनिटं बघा. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये निघायची वेळ निवडता येते. कामाच्या दिवशीची सकाळ आणि संध्याकाळ, दोन्ही टाकून बघा. मग एकदा प्रत्यक्ष जा. घराच्या दारापासून थांब्यापर्यंतची चालही त्यात मोजा, कारण जाहिरातीत ती कधीच नसते.

घर नुसतं डोळ्यांनी बघणं

रंग आणि फरशी बघून लोक परत येतात. खरी परीक्षा पाण्याची. नळाखाली दहा लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा. मिनिट-दीड मिनिटात भरली तर दाब ठीक आहे. आता तो नळ चालू ठेवूनच फ्लश करा. धार एकदम बारीक झाली तर पाइप बहुधा अरुंद असतो किंवा आतून गंजलेला असतो, आणि ते दुखणं नळ बदलून जात नाही. पण घरात एकाच नळाला धार कमी असेल, तर बहुधा त्याच्या तोंडाची जाळी क्षाराने तुंबलेली असते. ती काढून धुतली की काम होतं, तेवढ्यासाठी चांगलं घर सोडू नका.

बाथरूममध्ये गटाराचा वास येतोय? बंद घरात जाळीखालच्या ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवायला पाणी साचवून ठेवणाऱ्या वाकड्या भागातलं, पाणी सुकतं आणि वास वर येतो. दोन मग पाणी ओता, घर हवेशीर करा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तरीही वास तसाच असेल तर बहुधा जोड गळतोय किंवा पाइपात बिघाड आहे.

ओल ओळखायला शिका. भिंतीच्या तळाशी पांढरी भुकटी आणि साधारण मीटरभर उंचीपर्यंत फुगलेला रंग दिसला तर जमिनीतली ओल वर चढतेय. छतावर पिवळट-तपकिरी कडांचे डाग म्हणजे वरचं बाथरूम किंवा गच्ची गळते. ही दोन्ही दुखणी भाडेकरूच्या हातात नसतात. कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके असतील तर बऱ्याचदा हवा खेळत नाही एवढंच कारण असतं. खिडक्या उघड्या ठेवून ते आटोक्यात येतं. आणि भिंतीच्या एकाच तुकड्याला ताजा रंग दिसला तर कारण विचाराच.

विजेची तपासणी सोपी आहे. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि मीटर बघा. युनिटचा आकडा तरीही वाढत असेल तर कुणाचा तरी भार तुमच्या मीटरवर जोडलेला असू शकतो. बिल तुम्हालाच भरावं लागेल.

एकदाच, सोयीच्या वेळी बघणं

पश्चिमेकडची खोली दुपारी साडेतीनला बघा, भिंतीला हात लावून. रात्री दहाला पुन्हा जा आणि खिडकी उघडून पाच मिनिटं शांत उभे राहा. सगळ्यात आतल्या खोलीत, दार लावून एक फोनही करून बघा.

‘घर हातचं जाईल’ म्हणून टोकन देणं

ही घाई मुद्दाम लावली जाते. जाहिरातीतले फोटो आधी इमेज सर्चमध्ये टाका. तेच घर दुसऱ्या शहराच्या नावाने सापडलं तर विषय संपला. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर व्हिडिओ कॉलवर सांगा, “आता स्वयंपाकघरातला नळ उघडा.” आधी चित्रित केलेल्या व्हिडिओला हे जमत नाही. मालकाचं ओळखपत्र, घराची कागदपत्रं आणि बँक खातं या तिन्हींवरचं नाव जुळलंच पाहिजे, कारण कधीकधी भाडेकरूच मालक बनून चार जणांकडून आगाऊ रक्कम घेतात.

करार न वाचणं, ताबा घेताना नोंद न करणं

भाड्यात देखभाल, पार्किंग, पाणी मिळवून महिन्याचा एकच आकडा काढा आणि घरांची तुलना त्यावर करा. करारात तीन गोष्टी शोधा: मुदतीआधी सोडलं तर काय, दुरुस्ती कुणाची, आणि अनामतीतून रंगाचे पैसे कापणार का. तोंडी कबुली लेखी घ्या.

सामान आत नेण्याआधी प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ काढा. फरशीचे तडे, दारांचे ओरखडे जवळून टिपा. मीटरचं वाचन टिपा. हे सगळं त्याच दिवशी मालकाला पाठवा आणि किल्ल्या किती मिळाल्या तेही त्यात लिहा.