तालुक्याच्या दवाखान्यात डिमेन्शियाचा गट चालवायचा तर

सौम्य ते मध्यम डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंशासाठी) कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन थेरपी (सीएसटी), म्हणजे गटातल्या गप्पा आणि खेळांतून विचारांना चालना देणारा उपचार, याचा आराखडा सुटसुटीत आहे: 5 ते 8 जणांचा गट, आठवड्यातून 2 सत्रं, प्रत्येक 45 मिनिटांचं, 7 आठवड्यांत 14 सत्रं. खान्देशात गट मोडतो तो वेळापत्रकावर. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी जोरात असते, तेव्हा म्हाताऱ्यांना घेऊन येणारं माणूस घरात मोकळं नसतं. एप्रिल-मेमध्ये जळगावचं ऊन त्यांना बाहेर काढण्यासारखं नसतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं की फेब्रुवारीअखेर पूर्ण होतं. वेळ गावाकडची एसटी बघून ठरवा, ओपीडीची सोय बघून नको.

गटात घेण्याआधी कानातला मळ, मोतीबिंदू, बी-12, थायरॉइड, नैराश्य आणि चालू गोळ्या तपासा. बहिऱ्या माणसाला विसराळू ठरवणं हा फार अन्याय आहे. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ सुरू झाला असेल तर आधी फिजिशियनकडे पाठवा. तो बहुधा डिलिरियम, म्हणजे एखाद्या आजारामुळे किंवा औषधामुळे अचानक आलेला गोंधळ असतो.

शाळा न पाहिलेल्या आजींना एमएमएसई या स्मृती-विचारांच्या चाचणीतलं ‘वाक्य लिहा, पंचकोन काढा’ देऊ नका. गुण शिक्षणाअभावी कमी येतात. निरक्षरांसाठी बेतलेली तिची हिंदी आवृत्ती, एचएमएसई, वापरा आणि घरच्यांना विचारा: सुटे पैसे मोजता येतात का? शेतातून घरी वाट चुकते का?

सत्राची पहिली 10 मिनिटं नावं, फळ्यावर वार-महिना-हवा आणि गटाचं ठरलेलं भजन. मग 25 मिनिटं विषय, शेवटची 10 आवराआवर आणि पुढच्या वेळची आठवण.

सगळं कसब प्रश्नात आहे. स्टीलच्या ताटात तूर, मूग, उडीद, हरभरा अशा डाळी ठेवल्या आणि “ही कोणती?” विचारलं की ती परीक्षा झाली. एक उत्तर चुकलं की आजी पदर सावरून गप्प बसतात, आणि पुढच्या सत्राला येत नाहीत. त्याऐवजी “वरणाला तूर बरी का मूग? तुमले काय वाटस?” असं अहिराणीत विचारा. मताला चूक-बरोबर नसतं, आणि वरणावरून आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुरणापर्यंत गप्पा आपोआप जातात. रावेर-यावलकडे लेवा बोली, नंदुरबारच्या डोंगरात भिली किंवा पावरी बोलणारा मदतनीस हवाच. त्याच्याशिवाय तिथे गट सुरूच करू नका. शब्दखेळांच्या जागी उखाणे, कोडी आणि म्हणी चालतात, लिहायला लागत नाही. कडधान्य तोंडात-नाकात घालणारं कुणी असेल तर त्या दिवशी भांडी घ्या.

गट चालवायला दोघं लागतात, पण शिकवून तयार ठेवा तिघांना. एकाची बदली झाली तरी सत्र चुकायला नको. आधीची आणि नंतरची चाचणी गट न चालवणाऱ्यानं घ्यावी. केसपेपरवर पुढच्या सत्राची तारीख औषधाच्या ओळीखालीच लिहा, म्हणजे घरचे तिला उपचार समजतात.

घरच्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: गेलेली स्मृती परत येणार नाही, विचार आणि बोलणं थोडं सुधारतं, दिवस बरा जातो. 14 सत्रं संपल्यावर आठवड्यातून एकदा अशी 24 देखभाल सत्रं असतात. त्यांच्या तारखा सातव्या आठवड्यातच देऊन टाका.