कॉनलँगमधले विनोद फसतात कुठे? या चुका टाळा

स्वतः रचलेल्या भाषेत, म्हणजे कॉनलँगमध्ये, विनोद करणं हे त्याच भाषेत गोष्ट लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे. गोष्टीत एखादं रूप चुकलं तर वाचक पुढे सरकतो. विनोदात तेच रूप चुकलं की हसायचं कशाला हेच कळत नाही. कॉनलँगर मंडळींमध्ये वर्षानुवर्षं टिकलेले विनोद पाहिले तर एक गोष्ट जवळपास सगळ्यांत आढळते: ज्याला विनोद कळलेला नाही, त्यालाही तो शब्द बिनदिक्कत वापरता येतो. खालच्या बऱ्याच चुका ही अट विसरल्यामुळे होतात.

गमतीचा शब्द भाषेचे नियम मोडतो

शब्दकोशात मित्राचं, मांजराचं किंवा आवडत्या गोष्टीचं नाव दडवणं ही या छंदातली जुनी प्रथा आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेसाठी डेव्हिड पीटरसन यांनी रचलेल्या उच्च व्हॅलिरियन भाषेत मांजराला ‘केली’ म्हणतात, कारण त्यांच्या मांजरीचं नाव केली. प्रथा छान आहे, पण नवखे लोक नाव जसंच्या तसं उचलून आणतात. मग भाषेत कुठेच नसलेलं जोडाक्षर त्या एका शब्दात दिसतं आणि शब्द उपरा वाटतो.

‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन भाषेचे निर्माते मार्क ओक्रंड हे कसं करतात ते पाहा. ‘जोडी’ या अर्थाचा क्लिंगॉन शब्द आहे ‘चांगʼएंग’. चांग आणि एंग या प्रसिद्ध जोडलेल्या जुळ्या भावांची ही नावं. मधल्या खुणेकडे लक्ष द्या. क्लिंगॉनमध्ये कोणतंही अक्षर (शब्दाचा एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा) स्वरानं सुरू होऊ शकत नाही, म्हणून ‘एंग’च्या आधी कंठद्वारीय स्पर्श आला आहे, म्हणजे गळा क्षणभर बंद करून सोडल्यावर होणारा आवाज. नियम पाळला गेला आणि नाव तरीही ओळखू येतं.

टोकी पोना या मोजक्याच शब्दांच्या रचलेल्या भाषेतला ‘किजेतेसान्ताकालु’ हा शब्द याहून मजेदार आहे. भाषेच्या निर्मात्या सोन्या लँग यांनी एक एप्रिलची थट्टा म्हणून तो आणला, रकून आणि त्याच्या भाईबंदांसाठी. बहुतेक शब्द एक ते तीन अक्षरांचे असलेल्या भाषेत हा सात अक्षरांचा शब्द, हीच गंमत. तो आला फिनिश ‘किएर्तेइसहॅन्तॅकार्हू’वरून. टोकी पोनात र आणि ह नाहीत, अक्षराच्या शेवटी न सोडून दुसरं व्यंजन चालत नाही. त्यामुळे ‘कार्हू’चा ‘कालु’ झाला आणि ‘र्ते’चा नुसता ‘ते’ उरला. लांबी सोडली तर या शब्दात नियमबाह्य काहीच नाही, म्हणूनच तो थट्टेच्या दिवसानंतरही राहिला.

तेव्हा नाव घेतल्यावर आधी ते आपल्या ध्वनिव्यवस्थेतून गाळून घ्या: नसलेले ध्वनी बदला, न चालणारी जोडाक्षरं फोडा किंवा गाळा. मग त्याची सगळी रूपं चालवून पाहा, अनेकवचन आणि विभक्तीसकट. शेवटी जागा तपासा. सर्वनामं, नकार, लहान अंक, ‘असणे’ आणि ‘जाणे’ या जागी विनोद ठेवूच नका. हे शब्द दर दुसऱ्या वाक्यात येतात आणि तिसऱ्या परिच्छेदापर्यंत विनोदाचा वीट येतो. भांडी, पक्षी, वाद्यं, रोगांची नावं या सुरक्षित जागा.

‘रिलेक्स’ म्हणून हसणं, पण कारण न सांगणं

एखाद्या भाषेचं व्याकरण तसंच ठेवून फक्त शब्द बदलले की त्याला ‘रिलेक्स’ म्हणतात, आणि सापडेल ते वैशिष्ट्य कोंबलेल्या भाषेला ‘किचन सिंक’. दोन्ही शब्द थट्टेत वापरले जातात. नवख्याच्या पहिल्या प्रयत्नावर नुसता शिक्का मारला तर त्याला काहीच शिकायला मिळत नाही, आणि बहुतेकदा तो छंदच सोडतो. हे आम्हाला खरोखर वाईट वाटतं, कारण चूक दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

मराठी भाषकाचा रिलेक्स ओळखायचा असेल तर ‘लागणे’चा अर्थ विचारा. भूक लागते, वेळ लागतो, आग लागते, दगड लागतो, पाणी खारट लागतं, रडू लागतो, जावं लागतं. समजा नव्या भाषेत या सगळ्यांसाठी ‘तोम’ हे एकच क्रियापद आहे. तर ते ‘लागणे’च आहे, वेष बदललेलं. उपाय असा: यांतले दोन-तीन अर्थ ‘तोम’कडे ठेवा आणि बाकीचे वाटून टाका. सक्तीसाठी प्रत्यय करा, चवीसाठी वेगळं क्रियापद, भुकेसाठी ‘मला भूक आहे’सारखी रचना. आणि ‘तोम’ला मराठीत नसलेला एखादा नवा अर्थ द्या. एवढं सुचवून मग हवं तर हसा. समोरचाही हसेल.

‘अ‍ॅनाड्यू’चा वापर पुराव्याशिवाय

‘हे एखाद्या नैसर्गिक भाषेनं आधीच केलंय, आणि याहून भयंकर’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यातली आद्याक्षरं जुळवून ‘अ‍ॅनाड्यू’ हा शब्द झाला. कुणी ‘असं कुठल्याच भाषेत नसतं’ म्हटलं की हे उत्तर येतं. विनोद अर्थातच अचूकपणावर उभा आहे. भाषेचं नाव आणि नेमकं रूप न देता ‘अ‍ॅनाड्यू’ म्हणणं म्हणजे पोकळ बढाई.

चांगली उदाहरणं अशी असतात. कॉकेशसमधल्या उबिख भाषेत ८४ व्यंजनं होती आणि स्वर अवघे दोन-तीन. तिचे शेवटचे अस्खलित भाषक तेव्हफिक एसेंच १९९२ साली वारले. डॅनिशमध्ये पन्नासच्या शब्दाच्या मुळाशी ‘अडीच गुणिले वीस’ आहे. आणि लांब कशाला जायचं? ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा ऐकणाऱ्याला वगळणारा-धरणारा भेद अनेक भाषांचे लोक कॉनलँगमध्ये अपूर्वाई म्हणून घालतात. भूतकाळात ‘त्याने पत्र लिहिलं’ पण ‘मी पत्र लिहिलं’, म्हणजे तिसऱ्या पुरुषाला ‘ने’ आणि पहिल्याला काही नाही, हेही कुणी रचलेल्या भाषेत दाखवलं असतं तर ‘कृत्रिम वाटतं’ असा शेरा आला असता.

दुसरी चूक उलट बाजूची आहे. नैसर्गिक भाषेत आहे म्हणून माझ्याही भाषेत चालेल, असं नाही. उबिखमध्ये पूर्वीच्या स्वरांचे गुण, म्हणजे ओठांचा गोलावा आणि तालव्यपणा, शेजारच्या व्यंजनांना चिकटले आणि म्हणून व्यंजनं वाढली व स्वर घटले, असं मानलं जातं. तुमच्या ८४ व्यंजनांना असा इतिहास नसेल तर ‘अ‍ॅनाड्यू’ ही ढाल तुमच्या कामाची नाही.

श्लेष हातानं बसवणं

सर्वांत जास्त विनोद इथे फसतात. दोन शब्दांना मुद्दाम सारखा उच्चार देऊन श्लेष केला की तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. श्लेष ध्वनिबदलातून पिकू द्यावा.

समजा आदिभाषेत ‘नक्ता’ म्हणजे न्यायाधीश आणि ‘नता’ म्हणजे बोकड. दोन नियम घ्या. पहिला: व्यंजनाआधीचा क् गळतो. दुसरा: दोन स्वरांमधल्या त् चा द् होतो. पहिला नियम आधी लावला तर ‘नक्ता’चा ‘नता’ होतो, मग दोन्ही शब्द ‘नदा’ होतात आणि न्यायाधीश व बोकड एकाच उच्चारात येतात. क्रम उलटा केला तर बोकड ‘नदा’ होतो, न्यायाधीश मात्र तेव्हा ‘नक्ता’च असल्यानं त्याला दुसरा नियम लागत नाही आणि तो शेवटी ‘नता’वर थांबतो. श्लेष गेला. त्यामुळे विनोद जुळत नसेल तर शब्द बदलण्याआधी नियमांचा क्रम तपासा.

क्रम ठरला की तोच संपूर्ण शब्दकोशाला लावा. फक्त या दोन शब्दांना नियम लावणं ही फसवणूक आहे आणि जाणकार वाचकाला ती पहिल्या पानावर सापडते. एका विनोदासाठी दोनशे शब्द बदलतील, बदलू द्या. त्यातून तुम्ही न ठरवलेले आणखी चार श्लेष निघतात आणि बहुधा तेच जास्त चांगले असतात.

इथेच आणखी एक खड्डा आहे. भाषेत लिंग किंवा नामवर्ग असतील तर दोन्ही शब्द एकाच वर्गात हवेत. न्यायाधीश मानवी वर्गात आणि बोकड प्राणी वर्गात असेल, तर क्रियापदाचा प्रत्यय कोणता ‘नदा’ आला ते लगेच सांगून टाकतो. अशा वेळी जिथे हा भेद मिटतो ते रूप वापरा, उदाहरणार्थ आज्ञार्थ किंवा समासाचं पहिलं पद.

ग्लॉस न देणं, किंवा विनोद भाषांतरातच उघड करणं

रचलेल्या भाषेतलं वाक्य वाचकाला येत नसतं, हे विनोद लिहिताना विसरलं जातं. मूळ ओळ, तिच्याखाली घटकवार ग्लॉस (म्हणजे शब्दाच्या प्रत्येक तुकड्याचा अर्थ) आणि मग भाषांतर, अशा तीन ओळी लागतातच. लाइपझिगच्या ग्लॉस नियमांप्रमाणे वरच्या ओळीत जितकी संयोगचिन्हं तितकीच खालच्या ओळीत हवीत. श्लेष असेल तर ग्लॉसच्या दोन ओळी द्या, प्रत्येक अर्थाची एक. ‘इथे गंमत अशी आहे की’ हे शब्द मग लिहावे लागत नाहीत.

‘मी काच खाऊ शकतो, मला त्यानं काही होत नाही’ हे वाक्य अनेक भाषांमध्ये भाषांतरित करण्याचा जुना खेळ आहे आणि कॉनलँगरही तो खेळतात. चूक ही की इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द उतरवलं जातं. मराठीतही ‘मला ती दुखत नाही’ असं लिहिलं की बिघडतं, कारण दुखतं ते पोट किंवा डोकं. काच दुखत नाही. स्वतःच्या भाषेत हे वाक्य करताना तीन प्रश्न सोडवा: क्षमता कशी दाखवता, इजा होणारा कर्ता असतो की आणखी काही, आणि ‘त्यानं’ म्हणजे काचेनं की खाण्यानं?

जोकलँगमध्ये सगळंच विचित्र करणं

मुद्दाम वेडगळ केलेल्या भाषेत दहा विचित्र कल्पना घातल्या तर कोणतीच लक्षात राहत नाही. एक घ्या आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत काढा. उदाहरणार्थ, नकारार्थी वाक्य श्वास आत ओढत बोलायचं. मग लांबलचक नकार एका श्वासात मावत नाही तेव्हा काय? धावत आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाचं बोलणं होकार की नकार? कुजबुजताना फरक कसा कळणार? लिपीत खूण कुठे येणार? या उत्तरांतच विनोद आहे. (उत्तर स्वीडनमध्ये ‘हो’ श्वास आत ओढून म्हणतात, तेव्हा ‘अ‍ॅनाड्यू’साठी तयार राहा.)

आतले शब्द बाहेरच्यांवर उगारणं

एस्पेरांतो या आंतरराष्ट्रीय वापरासाठी रचलेल्या भाषेत ‘क्रोकोदिली’ म्हणजे एस्पेरांतो बोलायच्या ठिकाणी आपल्या भाषाबंधूंशी मातृभाषेत बोलणं. ‘अलिगातोरी’ म्हणजे ज्याची ती मातृभाषा नाही त्याच्याशी आपल्या मातृभाषेत बोलणं, आणि ‘कायमानी’ म्हणजे दोघांचीही मातृभाषा नसलेली तिसरीच भाषा वापरणं. तिन्हींची गल्लत सर्रास होते. त्याहून वाईट म्हणजे शब्द अडलेल्या नवशिक्याला ‘क्रोकोदिली करू नकोस’ असं दटावणं. हा शब्द बरोबरीच्यांना चिडवायला आहे. नवशिक्याला अडलेला शब्द सांगा.

तर्कशास्त्रावर बेतलेल्या लोजबान भाषेत थट्टा करताना ‘झोहो’ हा शब्द लावतात, म्हणजे ‘हे गमतीत म्हणतोय’. तो ज्या शब्दानंतर येतो त्यालाच लागू होतो आणि वाक्याच्या सुरुवातीला आला तर सगळ्या वाक्याला. नवखे तो सवयीनं शेवटी टाकतात आणि मग फक्त शेवटचा शब्द गमतीचा ठरतो. शिवाय लोजबानची वाक्यरचना संदिग्ध होऊच शकत नाही, त्यामुळे रचनेवरचा श्लेष तिथे शोधू नका. दोन शब्द जोडून केलेल्या ‘तान्रू’त मात्र त्यांचं नातं मोकळं सोडलेलं असतं, आणि तिथे हवी तेवढी जागा आहे.