चढ लागायच्या आधीच गिअर उतरवा

उपवनहून येऊरचा चढ किंवा बेलापूरची पारसिक हिल गिअरच्या सायकलवर चढताना बरेच जण अर्ध्यात उतरून ढकलत नेतात. बहुतेक वेळा दम कमी पडलेला नसतो, गिअर उशिरा बदललेला असतो.

1. चढ सुरू व्हायच्या दहा-पंधरा मीटर आधी, पाय हलके फिरत असतानाच, डाव्या हाताने पुढची चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा.
2. मग उजव्या हाताने मागची चेन एकेक करत मोठ्या चक्राकडे न्या. पाय थांबवू नका, फक्त पेडलवरचा जोर क्षणभर सोडा.
3. चढावर बसूनच पेडल मारा.

26 इंची चाकाच्या सायकलला पुढे 42 आणि मागे 14 दात असले, तर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण सव्वासहा मीटर जाते. पुढे 24, मागे 28 केलं की जेमतेम पावणेदोन मीटर, पण पायाला जोर साडेतीनपट कमी लागतो. वेग मात्र तेवढाच घटतो. मागून कोणी पुढे गेलं तरी जाऊ द्या, आपल्या पायांची लय सोडू नका. गुडघ्यांसाठी हेच बरं, चाळिशीनंतर तर नक्कीच.

जपायची गोष्ट एकच: भर चढावर, पूर्ण जोर लावून पेडल मारताना गिअर बदलू नका. चेन निसटते, कधी तुटतेही, आणि पाय सटकून माणूस थेट दांड्यावर आदळतो.